हवा घेतेय

रॅम्पवरून हायवेला लागताना मी दुसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला आणि काहीच झालं नाही. फार तर अर्धा सेकंद. इंजिन बंद पडलं नाही, फक्त त्यातला जोर कुणीतरी काढून घेतल्यासारखा झाला. आरशात मागच्या ट्रकचे दिवे मोठे झाले. मग एक हिसका बसला आणि काही घडलंच नाही अशा थाटात गाडी पळायला लागली. पुढच्या एक्झिटला मी उतरलो, एका दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी लावली आणि हात थरथरायचे थांबेपर्यंत बसून राहिलो.

ट्रकची भीती होतीच. पण त्याहून वाईट हे वाटत होतं की हे इंजिन आठवड्यापूर्वीच मी स्वतः, माझ्या हातांनी जोडलं होतं.

गाडी १९९१ सालची माझदा मिआटा. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या ऑटो शोमध्ये ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली. दोन सीट, उघडता येणारं कापडी छप्पर, इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना. १.६ लिटरच्या इंजिनाची ताकद ११६ हॉर्सपॉवर, वजन साधारण हजार किलो. आजच्या एखाद्या साध्या एसयूव्हीचं इंजिनही याहून दांडगं असतं. म्हणजे वेग ही या गाडीची खासियत नाहीच. माझदाचे इंजिनिअर तिच्याबद्दल बोलताना 'जिनबा इत्ताई' हा जपानी शब्दप्रयोग वापरतात. घोडा आणि स्वार एकजीव. पायाने सांगायचं, चाकांनी ऐकायचं, मध्ये कुणी नाही. अर्धा सेकंद घुटमळणं एखाद्या टेम्पोत कुणाच्या लक्षातही आलं नसतं. या गाडीत तेवढं गेलं की बाकी काय उरतं? एक जुनी, ओली, दोन माणसांची डबी.

ओली, कारण मी ओरेगनमध्ये हिल्सबरोला राहतो आणि इथे वर्षातले निम्मे दिवस पाऊस असतो. काम सॉफ्टवेअरचं. डिग्री मेकॅनिकलची. हे वाक्य आमच्या पिढीतल्या हजारो मुलांना लागू पडेल. सांगलीजवळच्या कॉलेजात चार वर्षं मेकॅनिकल केलं, लॅबमध्ये मधोमध कापून लाल-निळा रंग दिलेलं इंजिन बघितलं, त्याची आकृती जर्नलमध्ये उतरवली आणि सातव्या सेमिस्टरला कॅम्पसमधून आयटीत गेलो. चार वर्षांत एक नट खोलला नाही.

माझे वडील मात्र एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. चौतीस वर्षं. दहावीच्या सुट्टीत ते मला दोनदा डेपोत घेऊन गेले. तिसऱ्यांदा मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गातल्या एका मुलाने मला बसखालून बाहेर येताना पाहिलं होतं, तोंडाला ग्रीस लागलेलं. घरी आल्यावर मी क्लासचं कारण सांगितलं. पप्पा 'बरं' म्हणाले. ते बहुतेक गोष्टींना 'बरं' म्हणतात.

गाडी घेतली तेव्हा ती तेहेतीस वर्षांची होती, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. वर्षभर नीट चालली. मग ऑगस्टमध्ये, एका चढावर, रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी चिरली. ती तपकिरी पडली होती. प्लास्टिक पिकल्याचं ते लक्षण असतं आणि मी ते बघितलंही होतं. तापमानाच्या काट्याकडे माझं लक्ष गेलं तोवर उशीर झाला होता. इंजिन तापलं, हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं गॅस्केट गेलं, मागून पांढरा धूर.

गॅरेजवाल्याने सांगितलेला खर्च गाडीच्या किमतीच्या जवळपास होता. बायको म्हणाली, "विकून टाक." मी म्हणालो, "मी करतो." तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "कार्पेटवर ऑइल आणायचं नाही."

सहा आठवड्यांचे शनिवार-रविवार गेले. हेड उतरवलं, मशीन शॉपमध्ये देऊन त्याचा पृष्ठभाग सपाट करून आणला. नवं गॅस्केट घातलं, हेडचे बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने टॉर्क रेंचने आवळले. उघडलंच आहे तर म्हणून टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप बदलला. प्रत्येक बोल्ट चिठ्ठी लावलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत, प्रत्येक पायरीचा फोटो. शेवटच्या रविवारी किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. मी गॅरेजमध्ये एकटाच नाचलो. डिग्री मिळाल्यानंतर सात वर्षांनी मी मेकॅनिकल इंजिनिअर झालो असं मला खरोखर वाटलं.

आठवड्याने तो रॅम्प आला.

आमचा फोन शनिवारी संध्याकाळी होतो, तिकडे रविवार सकाळ. पप्पांना गाडीत भलताच रस. सहा आठवडे ते दर वेळी कुठवर आलं ते विचारत होते. त्या शनिवारी मी रॅम्पचं सांगितलं, ट्रक वगळून.

"पिकअप घेईना होय?" ते म्हणाले. "थंड असताना पण तसंच?"

"थंड, गरम, दोन्ही. उभ्या गाडीत काहीच नाही. लोड आला की घुटमळते."

"काय काय खोललं होतंस?"

"सगळंच. हेड काढायचं म्हणजे वरचं सगळंच निघतं."

"मग हवा घेत असंल कुठंतरी."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. डिझेल इंजिनाचा फिल्टर बदलला किंवा लाइन कुठे खोलली की आत हवा शिरते. मग ब्लीडिंगचा स्क्रू ढिला करायचा आणि बुडबुडे संपेपर्यंत हाताने पंप मारायचा. याला 'एअर काढणं' म्हणतात. एअर राहिली तर बस सुरू होते, चालते, पण चढाला दम टाकते, झटके देते. पप्पांच्या आयुष्यातल्या निम्म्या रोगांचं निदान 'हवा घेतेय' हे होतं.

"पप्पा, ते डिझेलला. ही पेट्रोल आहे, फ्युएल इंजेक्शनची. हिच्यात एअर काढायची नसते."

"बघ तरी एकदा."

"बघितलंय. तुम्हाला नाही कळणार हे. यात सेन्सर असतात, कॉम्प्युटर असतो."

पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग, "बरं. घे, आईशी बोल."

खरं सांगायचं तर मी बघितलं होतंच. पेट्रोल इंजिनातही नको तिथून हवा शिरू शकते, आणि ते शोधायची सोपी रीत आहे. इंजिन चालू ठेवायचं आणि हवेच्या नळ्यांच्या जोडांवर कार्ब क्लीनरचा फवारा मारायचा. भेग असेल तर इंजिन तो फवारा ओढून घेतं आणि आरपीएम हलतात. मी सगळ्या जोडांवर फवारा मारला होता. आरपीएम जागचे हलले नव्हते. विषय संपला होता.

मग मी पद्धतशीर कामाला लागलो. या गाडीला लॅपटॉप जोडून कोड वाचता येत नाहीत. ओबीडी-२ अमेरिकेत १९९६ पासून सक्तीचं झालं, ही त्याच्या पाच वर्षं आधीची. बॉनेटखालच्या एका छोट्या डब्यात दोन टोकं वायरने जोडली की कॉम्प्युटर इग्निशनची वेळ स्थिर धरतो, मग टायमिंग लाइटने ती मोजायची. दहा अंश हवी, दहा अंशच होती. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला जवळपास सारखं. फ्युएल प्रेशर ठीक. मिआटाच्या प्लगच्या वायरी जुन्या झाल्या की लोडखाली स्पार्क गळतो, हे प्रसिद्ध आहे. म्हणून वायरी बदलल्या, प्लग बदलले. फरक नाही. कॉइल बदललं. फरक नाही.

मग संशय टायमिंग बेल्टवर. एक दात इकडेतिकडे झाला असेल तर? पूर्ण शनिवार घालवून पुढचं सगळं पुन्हा खोललं. दोन कॅमच्या पुल्यांवर खुणा असतात, त्यांच्यामध्ये बेल्टचे बरोबर एकोणीस दात यायला लागतात. मोजले. एकोणीस. पुन्हा मोजले. एकोणीसच. मग वाटलं, मशीन शॉपने हेड जास्त घासलं असणार, त्यामुळे कॅम आणि क्रँकमधलं अंतर बदललं असणार. त्यांना फोन केला. त्यांनी आकडा सांगितला. केसाच्या जाडीएवढाही नव्हता.

शेवटी हवा मोजणारं यंत्र. या इंजिनात आत जाणारी हवा एका झडपेवरून जाते. हवा जितकी जास्त तितकी झडप जास्त ढकलली जाते, आणि झडप किती उघडली यावरून कॉम्प्युटर पेट्रोल किती सोडायचं ते ठरवतो. वजनाच्या हिशोबाने साधारण १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल. झडपेचं यंत्र जुनं झालंय असं ठरवून मी इंटरनेटवरून दुसरं मागवलं. तेही जुनंच. बसवलं. रॅम्पवर गेलो नाही, मागच्या मोकळ्या रस्त्यावर पाय दाबला. घुटमळली, हिसका, निघाली.

चार आठवडे आणि सहाशे डॉलर गेले होते.

ऑफिसात माझ्या टीममध्ये दोन नवी मुलं आहेत. काहीही बंद पडलं की मी त्यांना पहिला प्रश्न विचारतो, "शेवटचं काय बदललं?" या प्रश्नासाठी मी जरा बदनामच आहे. आणि इथे मी प्लग, कॉइल, पेट्रोल, मशीन शॉप, हवेचं यंत्र असं सगळ्यांवर संशय घेऊन झालो होतो. बेल्ट सोडला तर या यादीतलं काहीही मी दुरुस्तीत जोडलेलं नव्हतं. दुरुस्तीनंतर रोग सुरू झाला होता आणि दुरुस्तीला सोडून मी बाकी सगळं तपासत होतो. बेल्टसुद्धा मी चूक शोधायला मोजला नव्हता. बरोबर निघावा म्हणून मोजला होता, आणि एकोणीस दात भरल्यावर मला आनंदच झाला होता.

या मधल्या काळात फोन होत होते. पप्पा गाडीचं विचारत नव्हते. पाऊस, पगार, घरी कधी येताय. एकदा ते बाहेर गेले असताना आई म्हणाली, "अरे, त्या गाडीचं पिकअप का काय ते झालं का नीट?"

"तुला कुठून कळलं पिकअप?"

"मला काय कळतंय त्यातलं. हेच मागं लागतात दर आठवड्याला. 'विचार त्याला, विचार त्याला.' मी म्हटलं, तुम्हीच विचारा की. तर म्हणतात, नको, त्यात कॉम्प्युटर असतो."

फोन ठेवल्यावर मी गॅरेजमध्ये जाऊन बसलो. काही केलं नाही, नुसता बसलो.

पुढच्या शनिवारी मीच म्हणालो, "पप्पा, गाडी अजून तशीच आहे. मला सापडत नाहीये."

त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं. काय काय बदललं ते सांगितलं, तेव्हा 'अरारा' एवढंच म्हणाले, बहुतेक सहाशे डॉलरना. मग म्हणाले, "फवारा मारलास तो उभ्या गाडीत?"

"हो."

"आणि घुटमळती कधी?"

"लोडवर."

"मग उभ्या गाडीत कशी सापडंल? बसचं पण असंच. डेपोत उभी केली की रोग नाही, घाटात गेली की रोग. आणि जिथं तेल बाहेर गळतंय ते दिसतंय रे. जिथं आत ओढून घेतंय तिथं काही गळत नाही. फडकं फिरवलं तर कोरडं." ते थांबले. "इंजिन लोडवर कलतं बघ. बॉडी कलत नाही. एक टोक इंजिनला आणि एक टोक बॉडीला, अशी नळी आहे का कुठली?"

मी उत्तर दिलं नाही, कारण मी उठून बॉनेट उघडत होतो.

होती. हवा मोजणारं यंत्र बॉडीला बोल्टने बसवलेलं असतं, आणि हवा जिथून इंजिनात शिरते तो थ्रॉटल इंजिनावर असतो. दोन्हींच्या मध्ये इंजिनासमोरून आडवी जाणारी नळी, तिच्या टोकाला घड्या घड्यांचं रबर. पेटीच्या भात्यासारखं. इंजिन हललं तर ताणलं जावं म्हणूनच त्या घड्या असतात. हेड काढताना ते रबर मी ओढून काढलं होतं आणि सहा आठवडे एका खोक्याखाली वाकडं ठेवलं होतं. परत बसवताना ते टणक लागलं होतं. नवं मागवावं असं वाटलंही होतं. 'चालेल' म्हणून सोडून दिलं होतं.

बायकोला हाक मारली. गाडी बाहेर काढली, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडं लावली. तिने हँडब्रेक ओढून, एका पायाने ब्रेक घट्ट दाबून, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच अगदी हळू, पकड येईल एवढाच सोडायचा. मी बाजूला उभा, हातात टॉर्च. फोन खांबाला टेकवून ठेवलेला, त्यात पप्पा, हातात चहाची बशी.

"सोड," मी म्हणालो.

इंजिन कललं. आजवर मी ते कधी बघितलंच नव्हतं. एवढं मोठं धूड एका कुशीवर झुकलं, रबराच्या घड्या उघडल्या आणि खालच्या बाजूच्या एका घडीत ओठ विलग व्हावेत तशी बोटभर भेग उघडली. बारीक सुस्कारा ऐकू आला, इंजिन गुदमरलं. तिने क्लच दाबला. इंजिन सरळ झालं आणि भेग मिटली. इतकी नीट मिटली की तिथे काही असेल असं कुणाला वाटलं नसतं. मी याच जागेवर तीनदा फवारा मारला होता.

"सापडली?" फोनमधून आवाज आला.

"हवा घेतेय, पप्पा."

"मग मी काय म्हणत होतो."

त्या रात्री मी भेगेवर रबराची चिकटपट्टी ताणून गुंडाळली आणि मोकळ्या रस्त्यावर जाऊन आलो. दुसरा गिअर, पाय पूर्ण खाली. गाडीने ऐकलं. मध्ये कुणी नव्हतं. परत येऊन फोन केला, तेव्हा तिकडे दुपारची जेवणं झाली होती. पप्पांना एकच प्रश्न पडला होता. डिझेलमध्ये हवा शिरली तर तेलाची जागा हवा घेते, हे त्यांना ठाऊक होतं. पण पेट्रोल इंजिन तर हवाच ओढतं, मग थोडी जास्त ओढली तर बिघडलं कुठे?

मी झडपेचं सांगायला लागलो. आधी सोपं करून सांगत होतो, मग थांबलो आणि नीट सांगितलं, जसं टीममधल्या माणसाला सांगेन तसं. भेग यंत्राच्या पुढे आहे, म्हणून तिथून शिरलेली हवा झडपेवरून जात नाही. कॉम्प्युटरला ती माहीतच नसते. तो मोजलेल्या हवेपुरतंच पेट्रोल सोडतो, आत हवा मात्र जास्त असते. मिश्रण पातळ होतं, नीट पेटत नाही. ते मध्ये मध्ये विचारत होते. झडपेला स्प्रिंग असते का, गार हवा जड असते त्याचं काय करतात. गार हवेचं उत्तर शोधायला मला मॅन्युअल उघडावं लागलं. त्याच यंत्रात तापमान मोजणारा सेन्सर असतो.

"म्हणजे हिशोबात नसलेली हवा," ते म्हणाले.

"हो. अगदी तेच."

"मग तुझा कॉम्प्युटर खोटं बोलत नव्हता."

"नाही. त्याला जेवढं दिसत होतं तेवढ्यापुरता तो बरोबर होता."

मला अजून काही बोलायचं होतं. त्या 'तुम्हाला नाही कळणार'बद्दल, आणि जमलंच तर दहावीच्या सुट्टीबद्दलही. वाक्य सुरू केलं, "पप्पा, मी त्या दिवशी..." आणि अडखळलो. त्यांनी वाट बघितली. मग तेच म्हणाले, "नवी नळी मागवलीस?"

"मागवली. मंगळवारी येईल."

"चिकटपट्टीवर लांब जाऊ नकोस तोवर."

"नाही जात."

"आणि ती जुनी टाकू नकोस. डिसेंबरात येताना घेऊन ये. बघू दे मला, कुठं फाटलीय."

नवी नळी बसवून आता तीन आठवडे झाले. जुनी धुऊन, वाळवून, कागदात गुंडाळून बॅगेत ठेवली आहे, आईसाठी घेतलेल्या स्वेटरच्या खाली. बायको म्हणते, एअरपोर्टवर विचारलं तर काय सांगणार? मी अजून ठरवलेलं नाही.